काजळराज्याचा तिसरा भाग

हर्णै बंदरात रात्री दोनला
फक्त जेटीच्या टोकाला रेंज येते.
तिथे उभा राहून वाचतो,
बोटांना अजून बर्फाचा भुसा.

रबराचा अजगर. पोरकटपणा.
हे ज्यांना आवडतं त्यांची कीव येते.

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं,
खिसा फाटलाय हे माहीत असूनही
माणूस पुन्हा पुन्हा हात घालून बघतो, तसं.

उत्तर लिहिलं. चार परिच्छेद.
त्यात पाचही भागांचा इतिहास होता, एक शिवी होती,
शेवटी प्रश्नचिन्ह, गळासारखं वाकडं.
पुसलं.
पुन्हा लिहिलं, शिवी वाढवून.
लाटेने चप्पल भिजवली तेव्हा तेही पुसलं.

कारखान्यात दर अर्ध्या तासाला
अमोनियाचा काटा बघायचा,
वहीत आकडा, आकड्यापुढे सही. ह. रा. पावसे.
काटा हलला नाही तरी सही करायची.
रात्रभर एवढंच काम.

तिसऱ्या भागात किल्ला पडतो.
राजा आधीच पळालेला, उरंग आभाळ फाडत येतो,
आणि झिरी जिन्याच्या वळणावर
दिवा धरून उभी राहते.
बाकी काही करत नाही.
म्हातारे, पोरं, काखेत शेळी घेतलेला एकजण
तिच्या उजेडात पायऱ्या मोजत उतरतात.
कोणीही मान वर करून तिच्याकडे बघत नाही.
लोक म्हणतात, ठोकळा आहे, अभिनय येत नाही.

दापोलीच्या थेटरात ते पाहिलं तेव्हा
मी बारावी नापास, निकाल लागून चार दिवस झालेले.
शेजारी यासीन बुरोंडकर.
तिकिटं काढली आणि परतीच्या एस्टीचे पैसे संपले.
चालत आलो.
आसूदच्या उतारावर, सुपारीच्या काळोखात
यासीन बॅटरी उंच धरून पुढे,
मी त्याच्या टाचांवर नजर ठेवून मागे.
दोघांपैकी कोणीच तिचं नाव घेतलं नाही.

खरं सांगायचं तर उरंगच्या मानेवरची शिवण
मला दुसऱ्यांदा बघतानाच दिसली होती.
आणि चौथा भाग फसलाय.
त्यांच्यापुढे हे मी मेलो तरी कबूल करणार नाही.

यासीन आता कुवेतला.
कीव येते, ते वाक्य त्याला फोनवर वाचून दाखवलं.
तो म्हणाला, चौथा भिकारच होता रे.
मग जरा थांबून,
आज बर्फ किती निघाला?

एक गोष्ट त्या चार परिच्छेदांत नव्हती.
गेल्या शिमग्यात पाजपंढरीच्या पोरांनी
फाटक्या जाळ्यांचा, थर्माकोलचा देवमासा केला,
जबड्यात लाल बल्ब.
मी हसलो. सगळ्यांसमोर.
देवमासा की गादी, म्हणालो,
आणि आणखी चार जण हसले, त्याचं मला बरं वाटलं.
चोगल्यांचा दर्पण, असेल दहा वर्षांचा,
वायर हातात धरून उभा होता.
तो तसाच उभा राहिला.
बल्ब विझवलाही नाही त्याने.

चारला बर्फाच्या गाड्या लागल्या.
लाद्या घसरत गेल्या, चुरा उडाला,
सहाला वही दुसऱ्याच्या हातात दिली.
घराकडे वळायच्या वाटेवर वळलो नाही.

चोगल्यांच्या पडवीत देवमासा अजून टांगलेला,
एक डोळा गळालेला, शेपटीवर वाळत टाकलेला टॉवेल.
दर्पण मोरीपाशी दात घासत होता.
काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं,
ते आठवेना.
विचारलं, बल्ब पेटतो का रे अजून?

त्याने माझ्याकडे बघितलं,
बराच वेळ, ब्रश तोंडात तसाच.
मग थुंकला
आणि वायर शोधायला आत गेला.